सगळ्यांत आधी कोण उठणार

शर्वरी आणि इंद्रजितचं भांडण त्यांच्या लग्नाच्याही आधीचं होतं. बाहेरच्या कुणाला त्याचा विषय सांगितला तर त्याला हसूच यायचं. यंत्र चालू झालं की त्याच्या पोटात सगळ्यांत आधी कुणी उठायचं आणि त्याने बाकीच्यांना कसं उठवायचं, एवढाच तो विषय. पण एवढ्याशा गोष्टीवरून त्यांच्या मित्रांमध्ये दोन तट पडले, दोघांनी मिळून उभं केलेलं काम दुभंगलं, आणि एप्रिलमधल्या एका दुपारी अख्खा माणदेश विजेवाचून बसला तेव्हा त्याच भांडणाकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले.

शर्वरी विट्याच्या एका यंत्रमागवाल्याची मुलगी. माग बंद पडला की आधी तो उघडायचा, आत काय झालंय ते डोळ्यांनी बघायचं आणि मगच बोलायचं, ही रीत तिने घरात पाहिलेली. इंद्रजित आटपाडीच्या शाळामास्तरांचा मुलगा. त्याला यंत्र उघडण्यापेक्षा ते स्वतःच शहाणं कसं होईल यात गोडी. सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी दोघांनी मिळून लिनक्सची स्वतःची डिस्ट्रो बांधली. लिनक्सचा गाभा सगळ्या जगाला फुकट मिळतो. त्याभोवती आपल्याला हवे ते प्रोग्रॅम जोडून जो तो आपापला संच तयार करतो, त्याला डिस्ट्रो म्हणतात. ह्या दोघांची डिस्ट्रो होती गावोगावच्या लहान सौरकेंद्रांसाठी. नाव ठेवलं ‘दुवा’. जोडणारा तो दुवा, आणि कुणी मनापासून दिलेली तीही दुवा.

गावांनी ती उचलली. माणदेश वीज सहकारी संघ उभा राहिला तेव्हा त्याच्या प्रत्येक केंद्राचा कारभार ‘दुवा’वर चालू लागला. माळरानावरचं ऊन गोळा करायचं, बॅटरीत साठवायचं, शेजारच्या गावाला कमी पडलं तर द्यायचं, हे सगळं माणसाने हात न लावता व्हायचं.

आता त्या भांडणाविषयी. संगणकाला वीज मिळाली की त्याचा गाभा जागा होतो आणि तो एकच प्रोग्रॅम सुरू करतो. त्याचा क्रमांक एक. त्याला इनिट म्हणतात. घड्याळ लावणं, मोजमापाची उपकरणं उठवणं, शेजाऱ्यांशी संपर्क जोडणं, ही पुढची सगळी कामं तोच एकापाठोपाठ एक सुरू करतो. क्रम चुकला तर यंत्र अडखळतं. क्रमांक एक कोसळला तर सगळंच कोसळतं. त्यामुळे तो कसा असावा यावर लिनक्सच्या दुनियेत दोघांच्या लहानपणापासून वाद चालू होता, आणि त्यापायी नावाजलेल्या डिस्ट्रोसुद्धा फुटल्या होत्या.

‘दुवा’मधला क्रमांक एक शर्वरीने लिहिला होता. त्याचं नाव ‘आरंभ’. आधी हे कर, मग ते कर, अमुक झालं नाही तर थांब आणि माणसाला सांग, एवढंच त्यात होतं. दोन-तीन पानांचा मजकूर. इंग्रजी वाचता येणाऱ्या कुणालाही तो कळावा असा.

संघ वाढला, केंद्रं शेकड्यांनी झाली, तसा ‘आरंभ’ कमी पडू लागला. कुठे धूळ, कुठे जुनी बॅटरी, कुठे उंदरांनी कुरतडलेली तार. प्रत्येक ठिकाणी तो थांबायचा आणि माणसाला बोलवायचा. इंद्रजितने तीन वर्षं खपून त्याच्या जागी बसवायला ‘जागल्या’ तयार केला. ‘जागल्या’मध्ये क्रम लिहिलेलाच नव्हता. संघाच्या सगळ्या केंद्रांत आजवर जेवढ्या वेळा यंत्रं सुरू झाली, पडली, पुन्हा उठली, ते सगळं त्याने पाहिलं होतं, आणि कोणत्या परिस्थितीत कोणत्या क्रमाने उठलं की निभावतं हे तो त्यातून स्वतः शिकला होता. शिवाय प्रत्येक केंद्रातला ‘जागल्या’ आपला अनुभव बाकीच्यांना कळवायचा. दिघंचीत एखादी गोष्ट बिनसली तर त्याचा धडा संध्याकाळपर्यंत जतच्या केंद्राला मिळालेला असायचा.

विट्यात संघाच्या सभागृहात त्यावर सभा झाली. इंद्रजितने मांडणी चांगली केली. प्रयोगादाखल ‘जागल्या’ बसवलेल्या केंद्रांतला बिघाड जवळजवळ नाहीसा झाला होता. त्याच महिन्यात एका केंद्रात माणसाने घाईने हाताने यंत्र सुरू केलं, रोहित्र जळालं आणि वायरमनचा हात भाजला. तेव्हा हाताने सुरू करायची सोयच ‘जागल्या’त ठेवू नये, असंही इंद्रजितने सुचवलं.

शर्वरी उठून उभी राहिली. ‘जागल्या’ हुशार आहे हे तिने आधीच कबूल केलं. मग म्हणाली, “पण तो असं का करतो, हे इथे कुणीच सांगू शकत नाही. इंद्रजितसुद्धा नाही. जे मला उघडून वाचता येत नाही ते मी क्रमांक एकवर बसवणार नाही.”

“तुझा ‘आरंभ’ सगळ्यांना वाचता येतो,” इंद्रजित म्हणाला, “पण तो वाचायला रात्री-अपरात्री माळावर जावं लागतं. जाणाऱ्यांना विचार.”

जाणारे मागच्या रांगेतच बसले होते. त्यांचे हात सगळ्यांत आधी वर गेले. शर्वरी मोठ्या फरकाने हरली.

दुसऱ्याच आठवड्यात तिने फाटा फोडला. ‘दुवा’चा सगळा कोड खुला होता, तो उचलून ‘आरंभ’सकट वेगळा चालवायला तिला कुणाची परवानगी लागणार नव्हती. नव्या डिस्ट्रोचं नाव तिने ‘साधा’ ठेवलं. तिच्याबरोबर थोडे लोक आले, बाकीचे तिकडे राहिले. पहिले काही महिने वाईट गेले. ईमेलवरच्या चर्चांमध्ये लोक एकमेकांना वाटेल ते बोलले. एका जुन्या मित्राच्या लग्नात तर ‘दुवा’वाले एका पंगतीला आणि ‘साधा’वाले दुसऱ्या पंगतीला बसले, आणि नवरा-बायको म्हणून शर्वरी आणि इंद्रजितने कुठे बसायचं हे कुणाला कळेना. ते दोघं शेवटी वाढायला उभे राहिले.

घरात मात्र एक अलिखित नियम पडला. जेवताना तो विषय काढायचा नाही. तो नियम एकदाच मोडला. इंद्रजितने एका परिषदेत बोलताना ‘साधा’ला ‘हौशी लोकांनी जपलेली जुनी वस्तू’ म्हटलं, आणि ते शर्वरीच्या कानावर आलं. त्या दिवशी ती जेवता जेवता म्हणाली, की तुला माझं म्हणणं पटत नाही याचा मला राग नाही, पण तू ते ऐकणंच सोडून दिलंस याचा आहे. इंद्रजितने माफी मागितली. मनापासून मागितली, पण मत बदललं नाही. तिला तेही आवडलं. मत बदलल्याचं नाटक त्याने केलं असतं तर तिला ते सहन झालं नसतं.

वर्षं गेली. ‘जागल्या’ शेजारच्या जिल्ह्यांतही पोचला. ‘साधा’ उरला तो मोजक्या गावांत, मुख्यतः जिथली यंत्रं इतकी जुनी होती की ‘जागल्या’ त्यांच्यावर मावतच नव्हता. शर्वरी त्या गावांना नेमाने जायची. ‘साधा’च्या केंद्रांबद्दल तिने संघाशी एक करार करून घेतला होता: ती केंद्रं संघाच्या विजेच्या जाळ्याला वीज देतील, घेतील, पण जाळ्याचा हुकूम ऐकणार नाहीत. त्यांच्या आतली सूत्रं त्यांच्याच हातात राहतील.

त्या एप्रिलमध्ये एके दुपारी पश्चिमेकडून धुळीचं मोठं वादळ आलं. राज्याची मुख्य वाहिनी दूर कुठेतरी तुटली आणि सगळ्या जाळ्याला जबरदस्त हिसका बसला. असा हिसका बसला की केंद्रांनी स्वतःला जाळ्यापासून तोडून घ्यायचं, हा सुरक्षेचा जुनाच नियम. तो सगळ्या केंद्रांनी पाळला, आणि तोही एकाच क्षणी. आजवर कधी एक तालुका जायचा, कधी दोन. सगळा माणदेश एकदम बंद पडण्याची ही पहिलीच वेळ.

वादळ तासाभरात सरलं. ऊन पुन्हा कडकडीत पडलं. पॅनेल तापून तयार, बॅटऱ्या भरलेल्या, तारा जागेवर. फक्त वीज नव्हती.

शर्वरी घरीच होती. इंद्रजितचा फोन आला तेव्हा तो संघाच्या नियंत्रणकक्षात होता, आणि त्याचा आवाज तिला ओळखू आला नाही.

त्याने सांगितलं ते असं. विजेच्या जाळ्याला एक लय असते; आपल्याकडे ती सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची. सौरकेंद्र सुरू होताना आधी शेजाऱ्याची लय ऐकतं आणि मग आपली वीज तिच्यात मिसळतं. कुणाचीच लय ऐकू येत नसेल तर एखाद्या केंद्राने पुढे होऊन स्वतःची लय धरायची असते. तशी क्षमता प्रत्येक केंद्रात होती. पण ‘जागल्या’ने एवढ्या वर्षांत जेवढं पाहिलं त्यात शेजारी कुणी ना कुणी कायम जागंच होतं. शेजाऱ्याला धरून उठलेलं केंद्र निभावतं आणि एकट्याने उठलेलं पडतं, हा धडा त्याने हजारो अनुभवांतून घेतला होता, आणि त्याने पाहिलेल्या जगापुरता तो धडा खरा होता. आता आटपाडी खानापूरची वाट बघत होतं, खानापूर विट्याची, विटा दिघंचीची आणि दिघंची आटपाडीची.

“सगळे जागे आहेत,” इंद्रजित म्हणाला. “कुणीच पहिलं उठायला तयार नाही.”

हाताने सुरू करायची सोय नव्हती. ‘जागल्या’मध्ये बदल पाठवावा तर तो घ्यायला संपर्काची यंत्रणा हवी, आणि ती यंत्रणा उठवायचं काम ‘जागल्या’चंच. एकेका केंद्रावर माणूस पाठवून, सीलबंद पेटी उघडून सगळं नव्याने बसवावं तर दिवस मावळला असता. राज्याची वाहिनी उद्याशिवाय जोडली जाणार नव्हती. विट्यातल्या बाळंतपणाच्या रुग्णालयातून डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले होते. दहा-बारा बाळं काचेच्या पेट्यांत होती. रुग्णालयाच्या बॅटऱ्या संध्याकाळपर्यंत टिकतील असं ते म्हणत होते, पण ते ठामपणे म्हणत नव्हते.

इंद्रजितने पुढचं विचारायच्या आधीच शर्वरीने गाडीची किल्ली उचलली होती.

“बोरमाळ,” ती म्हणाली.

“मीही तेच म्हणणार होतो.”

बोरमाळ हे खानापूरच्या वरच्या अंगाला माळावरचं गाव. तिथलं केंद्र ‘साधा’वर चालायचं आणि तिथून सरळ एक वाहिनी खानापूरच्या मोठ्या केंद्राला जात होती. ‘साधा’ कुणाची वाट बघत बसत नाही. त्याला हाताने सांगता येतं. तो उठला आणि त्याने लय धरली, की खानापूरच्या ‘जागल्या’ला शेजारी जागा झालेला दिसणार होता. रस्त्यात पडलेल्या फांद्या चुकवत, गाडीच्या काचा बंद ठेवून शर्वरी निघाली, तेव्हा तिच्या मनात विजयाचा एक कण आला. तिने तो बाजूला सारला, पण तो आला होता हे खरं.

बोरमाळच्या केंद्राची जबाबदारी रेश्मा तांबोळीकडे होती. ती दारातच उभी होती. तिने सांगितलं की आपण मघापासून दोनदा सुरू करून पाहिलं, पण यंत्र दुसऱ्याच पायरीवर अडतंय. शर्वरीने पडदा बघितला. ‘आरंभ’ने स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं: वेळ मिळत नाही, म्हणून थांबलो आहे.

केंद्राला नेमकी वेळ उपग्रहाकडून मिळायची, आणि त्यासाठी छपरावर बसवलेली तबकडी वादळाने पार शेजारच्या बांधावर नेऊन टाकली होती. वेळ ठाऊक नसताना काम सुरू करायचं नाही, ही ओळ शर्वरीनेच कॉलेजात असताना लिहिलेली. तेव्हा ती तिला फार शहाणपणाची वाटली होती.

ती क्षणभर त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिने ओळीच्या सुरुवातीला एक चिन्ह टाकलं. ते चिन्ह असलं की यंत्र ती ओळ वाचत नाही. स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळातली वेळ तिने हाताने भरली आणि रेश्माला म्हणाली, “आता लावा.”

रेश्माने खटका ओढला. आतल्या पेट्या एकेक करून जाग्या झाल्या आणि रोहित्राने हलका गुंजारव धरला. पन्नासाची लय. सगळ्या माणदेशात त्या घडीला तेवढी एकच.

खानापूरला ती लगेच ऐकू आली. इंद्रजितने फोनवर सांगितलं की तिथल्या ‘जागल्या’ने डोळे उघडले आहेत. पण पुढच्याच वाक्याला त्याचा स्वर बदलला. खानापूरची रोहित्रं अवाढव्य होती. थंड पडलेलं मोठं रोहित्र एकदम जोडलं की ते पहिल्या क्षणी प्रचंड वीज ओढतं. बोरमाळचा जीव एवढासा. तो तिथेच बसला असता. यावर उपाय एकच. दोन्ही केंद्रांनी विजेचा दाब अगदी शून्यापासून, एकमेकांच्या हातात हात घालून, जरा जरा चढवत न्यायचा. ते काम सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात निर्णय घेत करावं लागतं. ‘जागल्या’ला ते येत होतं. त्याने बोरमाळकडे तशी मागणीही पाठवली होती: तुझी सूत्रं माझ्याकडे दे.

‘साधा’ने अर्थातच नकार दिला होता. तो तसाच बांधलेला होता.

“म्हणजे बोरमाळचा ताबा मी ‘जागल्या’ला द्यायचा,” शर्वरी म्हणाली.

“थोड्या वेळापुरता.”

“आणि त्याने बोरमाळ पाडलं तर? बॅटरी एकदा बसली की आज पुन्हा उठणार नाही.”

“तर आपल्याकडे दुसरं काही नाही.”

“तुला खात्री आहे?”

“नाही,” तो म्हणाला. “असल्या अवस्थेत त्याला कुणी कधी बघितलेलं नाही. पण दाब चढवायचं काम त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं, एवढं मला ठाऊक आहे.”

इतक्या वर्षांच्या भांडणात ह्या माणसाने ‘जागल्या’बद्दल ‘खात्री नाही’ हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले होते. आणि त्यामुळेच शर्वरीला त्याच्या उरलेल्या अर्ध्या वाक्यावर विश्वास ठेवता आला. तिने मनात म्हटलं, मला माझी ओळ खोडता आली, तर हेही जमेल.

पण डोळे मिटून दार उघडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने तिथेच बसून चार ओळी लिहिल्या. ताबा द्यायचा, पण लय एका मर्यादेच्या खाली गेली की बोरमाळने कुणालाही न विचारता हात सोडवून घ्यायचा. त्या ओळी तिने फोनवर इंद्रजितला वाचून दाखवल्या. त्याने दुसऱ्या ओळीत एक चूक काढली. मर्यादा जिथे ठेवली होती तिथे साध्या धक्क्यानेही हात सुटला असता. तिने आकडा बदलला. रेश्माने तोवर खटका पाडून गावाकडे जाणारी वीज तोडली होती. सरपंच विचारायला आले, की आपलं केंद्र चालू झालंय तर पंखे का नाहीत. रेश्माने त्यांना दवाखान्यातल्या बाळांचं सांगितलं. ते तिथेच पायरीवर बसले आणि बाकीच्यांना त्यांनीच परत पाठवलं.

शर्वरीने ताबा दिला.

आधी काहीच झालं नाही. मग रोहित्राचा गुंजारव विरत विरत नाहीसा झाला आणि रेश्माने तिच्याकडे बघितलं. शर्वरीचा हात कळफलकावर गेला, पण तिने तो मागे घेतला. दाब शून्यावर आणल्याशिवाय तो चढवता येत नाही, हे तिला कळत होतं. पडद्यावरची दाबाची रेघ तळाशी टेकली आणि पुन्हा वर निघाली. इतकी हळू आणि इतकी सरळ, की तिच्या हाताने ती तशी कधीच निघाली नसती. रेघेला दोनदा लहानसा थरकाप झाला. दोन्ही वेळा ती सावरली. गुंजारव परत आला, आणि या वेळी त्याच्या मागे खानापूरचं बळ होतं.

त्यानंतर शर्वरीला करायला काही उरलं नाही. खानापूरमुळे आटपाडी उठलं, आटपाडीमुळे दिघंची, दिघंचीमुळे विटा. कुणाला किती भार सोसेल, कुणी थोडं थांबायचं, कुणी आपल्या बॅटरीतलं शेजाऱ्याला द्यायचं, हे शेकडो ‘जागल्यां’नी आपापसांत ठरवलं. ती पायरीवर सरपंचांच्या शेजारी बसून फोनवर नकाशा बघत होती. गावं एकेक करून हिरवी होत होती. तिने इंद्रजितशी याच गोष्टीवरून कितीतरी वाद घातले होते, पण ती प्रत्यक्ष घडताना तिने कधी अशी बसून पाहिली नव्हती. ते सुंदर होतं, आणि तसं तिने इंद्रजितला फोन करून सांगितलंही.

दिवेलागणीला रुग्णालयातून निरोप आला की बाळं ठीक आहेत.

संघाची सभा पुढच्या आठवड्यात झाली. सभागृहात बसायला जागा नव्हती. अध्यक्ष आप्पासाहेब झांबरे यांनी शर्वरीचा सत्कार केला आणि लगेच ठराव मांडला: सगळ्या केंद्रांवरचा ‘जागल्या’ काढावा आणि ‘साधा’ बसवावा. टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्या मागच्या रांगेने तिला कधीकाळी हरवलं होतं, तीच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. इंद्रजित उभा राहिला आणि त्याने शांतपणे सांगितलं, की ठरावाला त्याचा विरोध नाही. चूक त्याची होती. हाताने सुरू करायची सोय काढायचा आग्रह त्याने धरला होता.

शर्वरीला ह्याच क्षणाची एके काळी किती आस होती. आता तो समोर आला तेव्हा तिला तो नकोसा झाला.

“ठरावाला माझा विरोध आहे,” ती म्हणाली.

सभागृह गोंधळलं. आप्पासाहेबांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

तिने बोरमाळला काय झालं ते सगळ्यांना सांगितलं. ‘साधा’ही अडला होता. तिच्याच एका ओळीपाशी अडला होता. त्या दिवशी वादळाने जवळजवळ सगळ्याच गावांच्या तबकड्या उडवल्या होत्या, हे तिने नंतर मुद्दाम हिंडून बघितलं होतं. “सगळीकडे ‘साधा’ असता तर सगळी केंद्रं त्या एका ओळीवर थांबली असती,” ती म्हणाली. “आणि मला गाडी घेऊन प्रत्येक गावाला जावं लागलं असतं. बाळं तेवढी थांबली नसती.”

“मग उपाय काय?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“दोन्ही हवेत. एक ज्या कारणाने अडेल त्याच कारणाने दुसरा अडणार नाही. आम्ही फुटलो म्हणून त्या दिवशी वीज आली, आप्पासाहेब. आता आम्हाला परत जोडू नका.”

मागून कुणीतरी विचारलं, की मग इतकी वर्षं भांडलात ते कशासाठी. शर्वरी म्हणाली, भांडलो म्हणून तर दोन्ही चांगले झाले. त्याच्या भीतीने मी माझं नीट लिहिलं आणि माझ्या भीतीने त्याने त्याचं.

ठराव बदलून मंजूर झाला. प्रत्येक तालुक्यात काही केंद्रं ‘साधा’वर राहतील आणि बाकीची ‘दुवा’वर. ‘जागल्या’ला हाताने सुरू करायची सोय परत येईल, आणि ‘साधा’ अडचणीच्या वेळी ठरलेल्या मर्यादेत आपली सूत्रं शेजाऱ्याला देईल. ह्या शेवटच्या कलमातल्या ‘मर्यादे’वरून दोघांचं त्याच रात्री जेवताना वाजलं. जेवताना विषय काढायचा नाही हा नियम त्या दिवसापासून कुणी पाळला नाही.

‘साधा’कडे नवी मंडळी येऊ लागली. काही तर इंद्रजितच्याच हाताखालून आली. तो त्यांना स्वतः पाठवायचा आणि वर चिठ्ठी जोडायचा, की हा मुलगा फार शंका काढतो, तुझ्याकडे शोभेल. शर्वरीही अधूनमधून तिकडे माणसं पाठवू लागली. दोन्ही बाजूंच्या ईमेलवर वाद पूर्वीसारखेच रंगत होते. फरक इतकाच, की आता उत्तर देण्याआधी लोक समोरच्याचा कोड वाचायचे.

पावसाळ्यानंतर धाराशिवकडच्या एका वीज संघाची माणसं विट्याला आली. त्यांनाही आपली केंद्रं नव्याने बांधायची होती. त्यांच्या प्रमुख, धनश्री लोमटे, ह्या कामसू आणि स्पष्ट बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी दिवसभर सगळं बघितलं, बोरमाळला जाऊन आल्या, आणि संध्याकाळी चहा घेताना शर्वरी आणि इंद्रजितच्या समोर बसल्या. दोन्ही डिस्ट्रो का हव्यात हे आपल्याला पटलं, त्या म्हणाल्या. पैशांची सोय होईल, माणसंही शिकतील. पण आपल्या सभासदांना दोन शब्दांत सांगता येईल असं एक उत्तर त्यांना हवं होतं.

“दोन्ही बसवू,” त्या म्हणाल्या. “पण खरं सांगा, दोन्हींतलं बरोबर कुणाचं?”

“माझं,” दोघंही एकदमच म्हणाले, आणि ‘हेच सांगते सभासदांना’ म्हणत लोमटेबाईंनी समाधानाने चहाचा कप खाली ठेवला.